पान एकदाच बोलतं

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात एक साग आहे. तो कुणी लावला आणि कधी, हे आता कुणालाच आठवत नाही. माघ सरत आला की त्याची पानं सुटू लागतात. रात्री रहदारी थांबली की एखादं पान देठापासून निघतं, खालच्या फांद्यांना खरडत येतं आणि खाली उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर पडतं. खर्र, आणि मग टप्प. मी अंथरुणात असते. श्वास आपोआप रोखला जातो आणि कान दुसऱ्या आवाजाची वाट पाहतात. तो येत नाही. मग मी हळूच श्वास सोडते, आणि इतक्या वर्षांनंतरही काही क्षण मेळघाटातल्या त्या कुटीत असते.

तेव्हा मी 22 वर्षांची होते. मेळघाटातल्याच गुगामळ राष्ट्रीय उद्यानात चार महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. सेमाडोहपर्यंत रस्ता होता, पुढे जीपची चाकोरी आणि त्यानंतर पायवाट. त्या वाटेच्या टोकाला संरक्षण कुटी: दोन खोल्या, भोवती खणलेला चर, छपरावर सोलरचं पॅनेल, कोनाड्यात वायरलेस आणि बाहेर तीन दगडांची चूल. तिथे एक वनरक्षक ताई आणि एक म्हातारे कोरकू वनमजूर राहायचे. त्यांना सगळे बाबाच म्हणत, मीही म्हणू लागले.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. बाहेर कुणीतरी चालत होतं. दोन पावलं, मग थांबणं, मग लांबवर आणखी एक पाऊल. मी ताईला हलवलं. ती कुशीवर वळून म्हणाली, "पान आहे. झोप." ते मला खरं वाटेना. हातभर लांबीचं ते पान, वाळून पापडासारखं झालेलं, उंचावरून पडलं की माणसाच्या पावलाएवढा आवाज करतं, हे शहरात वाढलेल्या कानांना कुठून ठाऊक असणार? सकाळी चुलीपाशी बाबांना विचारलं. कोरा चहा माझ्या हातात देत ते म्हणाले, "पान एकडाव बोलते बाई. जनावर दुसऱ्या डावाले बोलते." एवढंच सांगून ते लाकडं सारायला लागले.

कागदावर गुगामळ 361 चौरस किलोमीटरचं आहे. माझं उद्यान त्याहून फार लहान होतं. एक बीट, एक नाला, तीन पाणवठे, आणि खाली कुठेतरी वाहणारी सिपना, जिचा आवाज फक्त पहाटे वर यायचा. सिपना म्हणजे कोरकूत साग, हे बाबांनीच सांगितलं. त्या दिवसापासून नदीचा आवाज आणि पानांचा आवाज मला वेगळे करता आले नाहीत. दोन्हींचं नाव एकच.

उजाडता उजाडता आम्ही दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालायला निघायचो. पुढे बाबा, मध्ये ताई, शेवटी वही घेऊन मी. चितळ किती, सांबर किती, रानगवा कुठल्या बाजूला, किती अंतरावर, सगळं टिपायचं. 2006 पासून दर चार वर्षांनी देशभर वाघांचा अंदाज घेतात, त्यासाठी अशाच रेषांवरून माणसं चालतात. माझ्या पायाखाली मात्र जंगल चुरचुरत राहायचं आणि चितळांचा कळप आम्हाला दिसण्याआधीच उधळायचा. वहीत काही लिहायला उरायचं नाही. बाबा रागावले नाहीत. त्यांनी एकदा नुसता माझा घोटा धरला, पाऊल जरासं तिरकं केलं आणि कडेवर अलगद टेकवलं, लहान मुलाला चालायला शिकवावं तसं. मग भार हळूहळू आत. पान दबलं, बोललं नाही. त्या दिवशी भेकराने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तेवढ्याने माझे डोळे भरून आले होते.

दुपारी नाल्याच्या सावलीत बसून मी पान हातात घेऊन बघायची. वरची बाजू कानशीसारखी खरखरीत. काही पानांचा गर पावसाळ्याच्या शेवटी अळ्यांनी खाल्लेला, नुसत्या शिरांची जाळी उरलेली. ती डोळ्यांसमोर धरली की जाळीतून अख्खी टेकडी दिसायची, मळकट सोनेरी, आणि तिच्यावर उतरणारं तिरपं ऊन. किती वेळ तशी बसायची, कोण जाणे.

एकदा बाबा मला उठून गेलेल्या एका गावाच्या जागेवर घेऊन गेले. वाघासाठी जंगल मोकळं करायचं म्हणून गाव बाहेर वसवलेलं. आता तिथे कमरेएवढं गवत, दोन आंब्यांची झाडं आणि एका मोहाखाली अर्धं जातं. बाबा त्या जात्यावर टेकले. माझ्याशी काही बोलले नाहीत. एक पान सुटलं, गवतावर पडलं, आवाजच झाला नाही. कुणाचं घर कुठे होतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. आजही वाटतं, बरं केलं.

आणि मग ती एप्रिलमधली रात्र. आग आधी दिसली नाही, ऐकू आली. पलीकडच्या उतारावरून हजारो पावलं वाळल्या पानांवरून एकदम धावत यावीत तसा आवाज. मोह वेचताना झाडाखालची पानं जाळतात, त्यातली एखादी ठिणगी निसटते. वायरलेसवर निरोप गेला आणि आम्ही निघालो. जाळरेषेपाशी, म्हणजे आग अडवायला आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यापाशी पोचलो, हिरव्या फांद्या तोडल्या आणि झोडपत राहिलो. शेजारच्या कुट्यांवरची माणसंही आली. पहाटे ताईच्या भुवया अर्ध्या जळालेल्या, बाबांच्या तळपायाला फोड आलेले. उतार काळा पडला होता. त्या काळ्यावर, राख अजून गरम असताना, वरून एक तपकिरी पान पडलं. टप्प. बाबांनी तिकडे पाहिलं आणि हसले.

चार महिन्यांत मला वाघ दिसला नाही. पाणवठ्याच्या चिखलात त्याचा पंजा दिसला, कॅमेऱ्यात त्याची पाठ दिसली. बाबा त्याला कुलामामा म्हणायचे, घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. त्याच्या न दिसण्याची खंत उरली नाही. उरलं ते ऐकणं. दुसरं पाऊल येतं का, याची न घाबरता वाट पाहणं.

कधी मेळघाटात गेलात तर गाडी एकदा बंद करायला सांगा, आणि जीपमध्येच पाच मिनिटं गप्प बसा. पान पडेल. ऐका.

आज 15 फेब्रुवारी. जंगलात आजपासून आगीचा हंगाम सुरू होतो, तो 15 जूनपर्यंत चालेल. कुटीवर कुणीतरी आज रात्री जागं असेल.