सव्वा हात रिते

उधारीचे पोते सव्वा हात रिते. ही म्हण मुळात कुणाच्या तोंडची, हे मला काही केल्या ठरवता येत नाही. शाळेत शिकवलेल्या अर्थाने ती गिऱ्हाइकाची. उधार घेणाऱ्याला दुकानदार काटा मारतो आणि वहीत नाव असल्यामुळे त्याला तोंड उघडता येत नाही, तेव्हा उधार घेऊ नये. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनात, किराण्याच्या दुकानात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हीच म्हण गादीवर बसूनही ऐकू येते. पोतं भरून बाहेर जातं. चुकारा झाला की पैसे येतात, ते मात्र पोतंभर येत नाहीत. मग रितं कोण राहिलं?

आणि सव्वा हातच का? दुकानातलं एक ज्यूटचं बारदान फरशीवर पसरून मी हाताने मोजलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. बारदान अडीच हाताला थोडंसं कमी भरलं. म्हणजे सव्वा हात रितं म्हणजे निम्मं पोतं गेलं. मी आजवर समजत होतो की म्हणीत मूठ-पसा कमी भरल्याची तक्रार आहे. निम्म्याची तक्रार ही वेगळीच गोष्ट. निम्मं जातं हे ठाऊक असूनही घेणारा घेत राहिला आणि देणारा देत राहिला, तर त्या व्यवहारात पोत्याखेरीज आणखी काहीतरी असलं पाहिजे. तेच मला सापडत नाही.

आमच्या झरी-जामणी भागात पैसा वर्षातून एकदाच दिसतो. दसऱ्याच्या आगेमागे सीतादहीची पूजा होते, पहिला वेचा घरात येतो, कापूस जिनिंगला जातो. त्याआधीचे आषाढ ते भाद्रपद हे महिने सगळे वहीवर चालतात. नेमका त्यातच पोळा येतो. बैलाला नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घागरमाळ हवी. घरात गूळ, तेल, बेसन हवं. आणि हातात काही नाही. बाबांच्या वहीतलं पोळ्याचं पान अजून डोळ्यांसमोर आहे. वर नाव, नावाखाली पोडाचं, म्हणजे वस्तीचं नाव, मग ओळीने जिन्नस, आणि शेवटी ‘हस्ते मुलगा’. तो मुलगा माझ्याच वर्गात असायचा. ‘मांडून ठेवा जी’ म्हणून तो कासरा खांद्यावर टाकून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही.

ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराचं पान बाबा खोडत नसत. फाडतही नसत. कोपरा दुमडून ठेवायचे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही निघाली की त्या पानाची मागील बाकी पुढे ओढायची नाही, एवढंच. आमच्या जिल्ह्यात असं घर म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांपैकी एका घरची बाई बऱ्याच वर्षांनी दुकानात आली. उभ्यानेच विचारलं, “किती निघते आमच्याकडं, काकाजी?” बाबांनी जुनी वही काढली, पान उलगडलं आणि खरा आकडा सांगितला. व्याज नाही, सूटही नाही. तिने तो थोडाथोडा करून फेडला. मी तेव्हा रागावलो होतो. काहीच निघत नाही म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बाबा म्हणाले, “तिनं हिशेब विचारला होता रे. भीक नव्हती मागितली.”

तेव्हापासून मला तुकोबांच्या त्या गोष्टीत थोडं अडखळायला होतं. घराणं देहूचं, महाजनकी, सावकारी, व्यापार, शेती सगळं घरात. थोरले सावजी विरक्त, म्हणून वडील बोल्होबांनी प्रपंच तुकोबांवर सोपवला. मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू त्यात गेले, धंदा बुडाला. परंपरा सांगते की डोंगरावर जाऊन बसलेल्या तुकोबांना धाकट्या कान्होबांनी शोधून काढलं, आणि नंतर कर्जरोख्यांचे दोन वाटे झाले. आपला वाटा तुकोबांनी इंद्रायणीत सोडला. कीर्तनात हा प्रसंग आला की मंडप गहिवरतो. मीही गहिवरतो. पण सगळे नदीकडे बघत असताना उरलेला निम्मा वाटा कान्होबांच्या हातात आहे, तिकडे कुणी बघत नाही.

तुकोबांना सगळेच कागद बुडवता आले असते. घरात तेच कर्ते होते. त्यांनी भावाचा वाटा बुडवला नाही, भावाच्या संसाराचा विचार केला, हे मला त्या गोष्टीतलं फार मोठं वाटतं. पण पुढे काय? दुष्काळ सरल्यावर कान्होबांनी त्या कागदांचं काय केलं असेल? काही ऋणको मेलेले, काही गाव सोडून गेलेले. उरलेल्यांच्या दारात ते गेले असतील का? गेले असतील तर उंबऱ्यावर काय बोलले असतील? कान्होबांना लोभी म्हणून बाजूला सारावं तर तेही होत नाही. तुकयाबंधू म्हणून त्यांचे अभंग गाथेत आहेत. म्हणजे अभंग रचणारा माणूस घरात रोखे जपून ठेवत होता. मला या माणसाला भेटायचं आहे. पुढच्या पेरणीला देहूचा कुणबी बियाण्यासाठी कुणाकडे गेला असेल, कागद बुडवणाऱ्याकडे की ठेवणाऱ्याकडे, हे मला त्याला विचारायचं आहे.

कागद नष्ट करण्याची दुसरी तऱ्हाही आपल्याकडे झाली. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, कापसाचे चढलेले भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, आणि 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे-वह्या जाळल्या. मग शेतकऱ्यांना दिलासा देणारा 1879 चा कायदा आला. आपल्या काळात सरकारने 2008, 2017, 2019 अशा कर्जमाफ्या दिल्या, त्या बँका-सोसायट्यांच्या कर्जाला. किराण्याच्या वहीचं नाव कुठल्याही यादीत नसतं. तिथे माफी द्यायची तर ती दुकानदारानेच द्यायची, आपल्या घरातल्या पिठाच्या डब्यातून.

आता दुकान धाकटा भाऊ बघतो. 2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला होता तेव्हा जुन्या बाक्यासुद्धा वसूल झाल्या. नंतर भाव सातच्या घरात उतरला आणि बाकी पुन्हा साचत गेली. त्याच 2022 मध्ये गावाजवळचा सिमेंट कारखानाही सुरू झाला. त्यामुळे महिन्याच्या पगाराचं, मोबाइलवरून तिथल्या तिथे पैसे देणारं गिऱ्हाईक आलं. भावाचा हिशेब सरळ आहे: वही बंद केली तर दुकान तरेल, चालू ठेवली तर दोन-तीन वर्षांत ठोक व्यापाऱ्याचं देणंच डोक्यावर बसेल. त्याचे आकडे मी तपासले. ते बरोबर आहेत. मी त्याला बाबांच्या दुमडलेल्या पानाबद्दल बोललो, तर तो म्हणाला की बाबांनी कितीही पानं दुमडली तरी ठोकवाल्याने बाबांचं पान कधी दुमडलं नाही.

यावर मला उत्तर देता आलं नाही. दुकान कशासाठी, असं विचारलं तर मी झटकन म्हणेन की पोळ्याच्या महिन्यात पोडावरच्या माणसाला कासरा मिळावा यासाठी. पण हेही खरं की दुकानच उरलं नाही तर कासराही उरणार नाही. उरलेलं दुकान केवळ रोखीचं असेल तर ते त्या माणसाचं नसेल, आणि तरीही ते माझ्या पुतण्यांचं शिक्षण करील. दोन्हींपैकी कशाला दुकान टिकलं म्हणायचं?

कधी वाटतं, कान्होबांनी मधलं काहीतरी केलं असेल: काही कागद ठेवले, काही सोडले, घर बघून. पण मग कुणाचं घर बघून कुणाचा कागद सोडायचा, हे ठरवणारा माणूस दुकानदार राहतो की गावाचा न्यायाधीश होतो? बाबांनी हा अधिकार स्वतःकडे घेतला होता का, की पान दुमडून तो टाळला होता, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. भावाला दिवाळीपूर्वी ठरवायचं आहे. त्याने मला माझं मत विचारलं आहे आणि मी रोज ते बदलतो आहे.