विट्याची खटखट आणि डब्यातली घूं

बालमित्रांनो, तुम्ही कधी विट्याला गेला आहात? कऱ्हाडहून एस.टी.त बसायचं, कडेगाव मागे टाकायचं, की चाळीसेक किलोमीटरवर विटा येतं. तालुक्याचं नाव खानापूर, पण कचेऱ्या सगळ्या विट्यात! स्टँडवर उतरलात की गल्लीबोळांत शिरा आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहा. काय ऐकू येतं? खटखट, खटखट, खटखट... हे यंत्रमाग. विटेकरांना ही खटखट ऐकूच येत नाही म्हणतात. माग थांबले की मात्र लगेच विचारतात, "लाइट गेली काय?"

विट्याची दुसरी ओळख म्हणजे गलाई. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून त्यातली चांदी-तांबं विरघळवायचं आणि शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हा तो धंदा. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. म्हणून विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं हा धंदा घेऊन देशभर गेली. तमिळनाडूत, केरळात, बंगालात, कुठेही जा, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. दिवाळी-दसऱ्याला ही माणसं गावाकडे येतात. त्यांच्यातल्याच एका आजोबांची ही गोष्ट. त्यांची नात माझ्या वर्गात होती.

आजोबांची उमर मदुराईत गेली. परतताना त्यांनी एक रेकॉर्ड प्लेअर आणला आणि बालगंधर्वांच्या गाण्यांची एक एल.पी. तबकडी. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म १८८८ सालचा, नागठाण्याचा. नागठाणे आपल्याच सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आजोबा म्हणाले, "गुरुजी, तिकडं आजूबाजूला आपलं बोलणारं कुणी नव्हतं. ही तबकडी लावली की मुलूख जवळ आल्यावाणी वाटायचं." तबकडी धड होती, प्लेअर फिरत होता, पण तो ज्या अँप्लिफायरला जोडायचा तो जळून गेला होता. दसऱ्याला तिन्ही मुलं येणार होती. तोवर तबकडी वाजली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

नात म्हणाली, "आजोबा, फोनवर लावू की. सगळी गाणी असतात." आजोबा नुसते हसले.

आता मी काही इंजिनिअर नाही. डी.एड. झालेला साधा मास्तर. पण सुट्टीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून डाग द्यायला शिकलो होतो. वाटलं, त्यात काय? घरात नवा अँप्लिफायर आहे, त्याला दोन वायरी जोडल्या की झालं! जोडल्या. आवाज पूर्ण वाढवला, तर कानाशी डास गुणगुणावा तसं काहीतरी आलं. बालगंधर्व लांब विहिरीत बसून गात असावेत! डग्गा तर गायबच.

असं का झालं? सुईच्या टोकाशी एक इवलासा लोहचुंबक असतो आणि त्याच्याशेजारी तारेची गुंडाळी. तुमच्या सायकलच्या डायनामोसारखंच, पण मुंगीएवढं. सुई खाचेत थरथरली की गुंडाळीत वीज तयार होते. किती? फार तर ५ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यातले पाच! अँप्लिफायरला याच्या साठपट तरी लागतं.

आणि दुसरी गंमत ऐका. तबकडी कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम बारीक करतात आणि तारस्वर मुद्दाम मोठे. खर्जाला खाच फार नागमोडी होते, जागा खाते, सुई उडते. म्हणून तो दाबायचा. तारस्वर सुईच्या खरखरीत बुडू नयेत, म्हणून ते वाढवायचे. हे किती करायचं याचं माप अमेरिकेतल्या तबकडी कंपन्यांच्या संघटनेनं १९५४ साली ठरवलं. वाजवताना याच्या बरोब्बर उलटं करावं लागतं. हे दोन्ही काम करणारा डबा म्हणजे फोनो प्रीअँप्लिफायर. विट्यात तो मिळेना, म्हणून ठरवलं, घरीच करू!

पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतून सामान आणलं. आठ पायांची एक आयसी, टीएल ०७२. तिच्या पोटात दोन अँप्लिफायर असतात, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. थोडे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर. पैकी सुईच्या तोंडाशी लागणारा रेझिस्टर ४७ किलोओहमचा. विजेसाठी ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. एकीचं ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला जोडलं, की तो जोड म्हणजे आपलं 'शून्य'. सर्किटमधली मंडळी यालाच ग्राउंड म्हणतात. डबा घेतला बिस्किटांचा, पत्र्याचा. प्लॅस्टिकचा नको, कारण बाहेरची विजेची कुरकुर पत्रा अडवतो.

मी डाग देत होतो आणि आजोबा शेजारी बसून बघत होते. "ह्याला आम्ही डाख म्हणतो. गुरुजी, आधी जागा तापवा, मग डाख लावा. डाख वितळून वर ठेवलात तर तो धरत नाय." साठ वर्षं सोनं वितळवलेला माणूस! माझे निम्मे डाग त्यांनी पुन्हा द्यायला लावले.

तीन संध्याकाळी गेल्या. डबा जोडला, बटण दाबलं... घूंऽऽऽ! गाण्याच्या वर घूं. डबा चालत होता, पण त्यात जणू भुंगा कोंडला होता.

मुलांनो, हा भुंगा कोण? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा लहरते. तोच हा सूर. आमचा डबा मधले स्वर साठपट वाढवत होता, पण दाबलेला खर्ज परत वर आणायचा म्हणून ५० च्या सुराला तो त्याच्याही सातपट जास्त वाढवत होता. म्हणजे चारशेवीसपट! फोनोचा डबा इतरांपेक्षा जास्त का गुणगुणतो, ते कळलं ना?

डबा तर बॅटरीवर. मग घूं शिरते कुठून? एक युक्ती केली. प्लेअरच्या वायरी काढल्या आणि डब्याच्या तोंडाशी एक छोटी तार लावून सिग्नलचं टोक शून्याला जोडलं. भुंगा जवळजवळ गप्प! म्हणजे चोर बहुतेक डब्याच्या बाहेर होता. प्लेअरच्या मागे पाहिलं, तर एक बारीक हिरवी तार नुसतीच लोंबत होती. मी तिला फालतू समजून बाजूला सारली होती. ती सुईच्या दांडीची आणि प्लेअरच्या पत्र्याची ग्राउंडची तार. ती डब्याला स्क्रूनं आवळली आणि भुंगा माशीएवढा झाला. डबा अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता, आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी वर. तो हातभर लांब नेला. माशीचं चिलट झालं.

उरलं चिलट. ते मात्र माझ्याच हातचं होतं. शून्याची तार मी एका सॉकेटवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी फिरवली होती आणि सगळी सॉकेटं पत्र्यालाही टेकली होती. तारेचं आणि पत्र्याचं मिळून कडं तयार झालं, आणि अशा कड्यात आजूबाजूची घूं आयती सापडते. कऱ्हाड, तासगाव, मायणी असे वेगवेगळ्या गावांचे रस्ते येऊन विट्याला मिळतात ना? तसं करायचं. प्रत्येक शून्याची तार स्वतंत्र आणायची, सगळ्या एकाच चौकात भेटवायच्या आणि त्या चौकातून एकच तार पत्र्याला. सॉकेटांखाली प्लॅस्टिकचे वॉशर घातले. चिलट गेलं.

या सगळ्यात एक सल्ला असाही मिळाला होता, की अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पीन काढून टाका, घूं जाईल. मी पक्कड हातात घेतलीही होती. शेजारचे वायरमन काका धावतच आले. "आवं गुरुजी, काय करताय? आत वायर सुटून पत्र्याला लागली, तर हात लावणाऱ्याला ती पीनच वाचवती!" मग त्यांनी टेस्टर काढून घरातलं सॉकेट तपासलं. तिसऱ्या भोकात तार होती, पण परसातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. कोळसा आणि मीठ घालून केलेला हा खड्डा ओला असला तरच वीज जमिनीत उतरते. आमच्या भागात उन्हाळ्यात माणसांनाच पाणी टँकरनं यायचं, तिथं खड्ड्याला कोण घालणार? आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी बऱ्याच गावांत पोचलंय. आजीनं त्या दिवसापासून भांडी विसळलेलं पाणी खड्ड्यात ओतायला सुरुवात केली. त्यानं घूं कमी झाली का? मुळीच नाही. डब्यातलं ग्राउंड वेगळं आणि परसातलं वेगळं, हे मला तेव्हा नीट समजलं. (पालकांनो, तुमच्या घरचा खड्डा वायरमनकडून एकदा बघून घ्या. आणि मुलांनो, बॅटरीवरचं सर्किट खुशाल करा, भिंतीतल्या विजेला मात्र हात नको.)

खंडेनवमीला विट्यात मागांची पूजा असते. माग बंद, त्यामुळे गल्ली शांत. रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, म्हणून तिन्ही मुलं आदल्या रात्रीच येऊन पोचली होती. आजोबांनी तबकडी धोतराच्या सोग्यानं पुसली. नातीनं सुई ठेवली.

आधी थोडी खरखर. मग ऑर्गन. मग डग्गा घुमला, अगदी छातीत. आणि मग तो आवाज.

थोरला मुलगा तमिळमध्ये आपल्या मुलाला काहीतरी हळूच सांगू लागला. आजोबांनी बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं. बाजू संपली. सुई मधल्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. कुणी उठेना.

मग आजोबा म्हणाले, "पोरी, उलटी कर."