कांदा जवळ आण

मी ‘औद्योगिक अभियांत्रिकी’त एम. टेक. करणार म्हटल्यावर आमच्या आप्पांनी विचारले होते, “म्हणजे पोरी, तू नेमके बनवणार काय?” मला चटकन उत्तर देता आले नाही. मेकॅनिकलवाला यंत्र बनवतो, सिव्हिलवाला पूल बांधतो. आम्ही मात्र माणूस, यंत्र, माल आणि वेळ यांची घडी कशी बसवावी, एवढेच शिकतो.

पदवी झाली होती, नोकरीही चालून आली होती. ‘गेट’ परीक्षा देऊन आणखी दोन वर्षे शिकायचे म्हटल्यावर चुलते म्हणाले, “आता तिच्या लग्नाचं बघा.” आप्पांनी विहीर खोल करण्याचे काम पुढे ढकलले आणि मला मुंबईला धाडले. त्या उन्हाळ्यात विहीर आटली. ते ओझे मनावर घेऊनच मी वर्गात बसत असे.

तिथे फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकन माणसाची हकीकत शिकले. गवंडी दर विटेला जमिनीपर्यंत वाकतो, हे त्याने पाहिले. विटा हाताच्या उंचीवर ठेवून त्याने १८ हालचाली ५ वर आणल्या. ताशी १२० विटा रचणारा गवंडी ३५० रचू लागला, अशी नोंद टेलर यांच्या १९११ च्या पुस्तकात आहे.

सुट्टीत घरी आले, तो चाळीतला कांदा निवडणे चालू होते. आई आणि चार बाया खाली बसून, वाकून वाकून कांदा पुढे ओढत होत्या. मी वही-घड्याळ काढले, फळ्यांचा उंच ओटा केला आणि सगळ्यांना उभे केले. दुपारपर्यंत काम वाढायच्या ऐवजी घटले!

आई म्हणाली, “पाय भरून आले गं. आम्हाला उठवू नको. आम्ही बसतो, तू कांदा जवळ आण.”

मी वही मिटली. बसायला पाट दिले. कांदा पुढ्यात घरंगळत यावा म्हणून फळी उतरती लावली. मोठा माल आणि गोल्टी यांच्या पाट्या हाताशी ठेवल्या. त्या दिवशी काम लवकर आटोपले आणि कंबर धरून कुणी उठले नाही.

पुढे नोकरी लागली, विहीरही झाली. आज रात्री एवढेच करा: घरातली बाई कामात कितीदा वाकते, ते मोजा. मात्र काही बदलण्याआधी तिला विचारा.