न धुतलेलं मडकं

गेल्या पावसाळ्यानंतर मी माडावर चढलेलो नाही. उजवा गुडघा नाही म्हणाला. आता पोय पुतण्या तासतो आणि मी खाली बसून माडी हुंगतो.

चढणं, तासणं कोणीही शिकतं. माझा जन्म गेला एकाच कोड्यात: पहाटेची गोड माडी नेमकी कधी चढते आणि कधी हातची जाते? थंडीत दुपारपर्यंत रेंगाळते, वैशाखात न्याहारीआधीच पळते. मी मडक्याला कान लावायचो. आधी फेस तडतडतो, मग बारीक सुरसुरतो. सुरसुर मंदावली की आंबटपणा दारात. तरी फसायचोच.

नागाव-रेवदंड्याकडे म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे. मला ते पटलंही होतं. धाकट्या भावाची माडी दुपार झाली तरी गोडच राहायची, तेव्हा मी चारचौघांत त्याच्या हाताला पाणचट म्हणायचो.

भाची अलिबागला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. म्हणाली, "मामा, हात कसला? यीस्ट मडक्याच्या भोकाभोकांत बसलंय." हवेवाचून साखर फोडताना यीस्टला एका ग्लुकोजमागे ऊर्जा साठवणाऱ्या एटीपीचे जेमतेम २ रेणू सुटतात. त्यात एनएडी नावाचा वाहक रेणू हायड्रोजन उचलतो आणि भरूनच बसतो. रिकामी मडकी परत आली नाहीत तर उद्या माडाला लावणार काय? तसंच ते. अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं, जस्त बाळगणारं विकर तो हायड्रोजन ॲसिटाल्डिहाइडच्या गळ्यात मारतं. एनएडी मोकळा, आणि ॲसिटाल्डिहाइडचं अल्कोहोल. म्हणजे गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतं ते यीस्टने बाहेर फेकलेलं. बुखनर नावाच्या शास्त्रज्ञाने तर १८९७ साली यीस्ट वाळूत घोटून काढलेल्या रसानेही साखर आंबवली. जिवंत यीस्टसुद्धा लागलं नाही, मग माझा हात कुठला! आंबटपणा वेगळ्यांचा, हवेवर जगणाऱ्या जिवाणूंचा. ते अल्कोहोलचा शिरका करतात.

नीरावाले आतून चुना फासून मडकं मुकं करतात. निदान सांगून करतात. पाण्यात पावडर ढवळून माडी म्हणून विकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

भाऊ मडकी रोज राखेने घासून उन्हात वाळवायचा. मी आळशी, नुसती हिसळून ठेवायचो. माझा गुण तो एवढाच. हे कळलं तेव्हा भाऊ उरला नव्हता.

पुतण्या बापासारखाच घासतो. काल त्याच्या हातून दोन मडकी मी काढून घेतली. का, ते अजून त्याला सांगितलेलं नाही.