साताऱ्याची शाळा आणि शाळेभोवतीचे घर

साताऱ्यास आपली मंडळी जातात ती बहुधा ७ नोव्हेंबरला. १९०० साली त्या दिवशी बाल भिवाचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासनही हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी हारतुरे असतात, भाषणे असतात, गर्दी असते. आम्हाला शाळा पाहायची होती ती भरलेली, नेहमीच्या दिवसाची. म्हणून विहार कमिटीच्या आम्ही पाच जणांनी डिसेंबरातला एक साधा कामाचा दिवस धरला आणि मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने निघालो.

निघण्यास कारण घडले होते. आमच्या वस्तीला लागून महापालिकेची शाळा आहे. इमारत पक्की, दुमजली. मात्र संध्याकाळी फाटकाला कुलूप पडते आणि त्याच वेळी आमची मुले दहा बाय दहाच्या खोलीत टी.व्ही., भांडी आणि धाकटी भावंडे यांच्यामध्ये पुस्तक उघडून बसतात. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी शाळेतून सुटली. हुशार पोर. आई चार घरची धुणीभांडी करते. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आईने तीन खाडे करून तीन फेऱ्या मारल्या आणि तिन्ही वेळा नवा कागद मागितला गेला. चौथा खाडा तिला परवडणारा नव्हता. पुढे धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून मुलगी घरी राहिली ती राहिलीच. शाळा तिच्या दारापासून शंभर पावलांवर होती! शाळा इतकी जवळ असून भागत नाही, तर आणखी काय असले म्हणजे भागते, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जाईना. बाबासाहेब जिथे शिकले तिथेच जाऊन पाहू, असे आमच्यातले निवृत्त गुरुजी म्हणाले.

खंबाटकी घाट ओलांडला तेव्हा उजाडायला अजून वेळ होता. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तर अजिंक्यताऱ्यावर धुके आणि अंगात थंडी. चहा घेऊन रिक्षाने राजवाड्याकडे निघालो. ही शाळा १८५१ सालची. शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५१ मध्ये, तिला छत्रपती प्रतापसिंहांचे नाव मिळाले. आज ती जिल्हा परिषदेची आहे, म्हणजे सार्वजनिक, तुमच्या-आमच्या पैशाची शाळा. प्रवेशाच्या नोंदवहीत १९१४ क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव आहे. आम्हाला त्या पानाची प्रत पाहायला मिळाली. सोबतच्या मावशींनी हात जोडले. मी मात्र, नोकरीने कारकून असल्याने, आधी रकाने वाचू लागलो. रजिस्टरात नाव आहे, दिनांक आहे. पण त्या नावाचा मुलगा शाळेत टिकला कसा, याचा रकाना कोणत्याच रजिस्टरात नसतो.

तो रकाना बाबासाहेबांनीच पुढे आपल्या आठवणींत भरून ठेवला आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, तेही घरून आणलेल्या तरटावर. ते तरट शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे. तहान लागली तर शिपायाने पाणी वाढायचे. शिपाई नसला तर दिवसभर घसा कोरडा! न्हावी केस कापीत नसे, ते काम बहिणी करीत. परीट कपडे घेत नसे, तेही बहिणीच धूत. भीमाईंचे निधन साताऱ्यातच १८९६ साली झाले होते. घर सांभाळले ते मीराआत्याने. आणि शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते, ते मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत.

हे सारे मी शाळेच्या आवारातच मंडळींना सांगत होतो. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे बाबासाहेबांची शाळा आत्याने अन् बहिणींनी चालवली म्हणा की!"

मी गप्प झालो. इतकी वर्षे जयंतीच्या व्यासपीठावर बोलतो आहे, पण हे असे कधी सुचले नव्हते. सरकारने दार उघडले होते, हे खरे. त्या दारातून आत टिकून राहण्यासाठी जे जे लागते, म्हणजे जेवण, स्वच्छ कपडा, कापलेले केस, पाठीवर हात, ते सगळे घरातल्या बायांनी आणि एका शिक्षकाने पुरवले. ज्या पोराला असे घर नव्हते त्याचे काय झाले असेल? त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, एवढेच त्याचे उत्तर.

दुपारी धनिणीच्या बागेकडे गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. सर्व जातींची पोरे एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत. त्या काळी हे किती अवघड होते ते वाचकांना सांगायला नको. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. भिवाला घरी जे मिळाले, ते इथे दुसऱ्यांच्या पोरांसाठी उभे केले गेले होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मध्ये सुरू केले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांनी केला तो १९१७ मध्ये. आधी छप्पर, मग सक्ती. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले. आणि पुढे सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी ठेवले, ते नोकरी करणाऱ्या पोरांची सोय पाहूनच. मीही सकाळच्याच वर्गांना बसून बी.कॉम. झालो आहे, म्हणून ही सोय काय चीज आहे ते मला कळते.

परतीच्या एस.टी.त गुरुजींशी वाद झाला. त्यांचे म्हणणे, आज सरकार सगळे देते, लोकच घेत नाहीत. १९९५ पासून आहाराची योजना आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या गरीब मुलींना १९९२ पासून उपस्थिती भत्ता. २०१३ पासून शाळेत येऊन आरोग्य तपासणी. हे खरे आहे. पण भत्ता दिवसाला एक रुपया ठरला होता, हे गुरुजी विसरले! आणि माझा मुद्दा निराळाच होता. खिचडीचा कागद एका टेबलावर, चष्म्याचा दुसऱ्या, जातीच्या दाखल्याचा तिसऱ्या इमारतीत. टेबलावरून टेबलावर कागद कसा जातो ते मी वीस वर्षे पाहतो आहे. कारकुनाला त्याचे काही वाटत नाही, खाडा आईचा पडतो. हीच टेबले महिन्यातून एकदा शाळेतच मांडली तर? आईला शाळेत यायला शंभर पावले पुरतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने यासाठी एक वाट ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. आमच्या शाळेतही समिती आहे. तिच्यातील दोन बायांना आपण सभासद आहोत हे आमच्याकडूनच कळले. सह्या मात्र झालेल्या होत्या! २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने मांडला, तेव्हा आपल्यात बराच संताप झाला. तो रास्तच होता. पण शाळा चालू असताना आपण किती वेळा तिची पायरी चढलो?

परत आल्यावर रविवारी विहारात सभा घेतली. अर्ज मी लिहिला: तळमजल्यावरचा एक वर्ग संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासासाठी मिळावा, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दाखल्यांचे अर्ज भरून देण्यास शाळेत एक टेबल मिळावे, बसणारे आम्ही. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "माझी हरकत नाही. पण चावी कोणाकडे राहील आणि विजेचे काय, ते लिहून द्या." चावी माझ्या नावावर लिहून दिली. विजेवर अजून घोडे अडले आहे. वरच्या कचेरीचा शेरा आलेला नाही. तोवर अभ्यास विहारातच चालू केला आहे.

मावशी त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घरी बसूनच भरला, कागद मी रजा टाकून देऊन आलो. मुलगी यायला तयार आहे. तिने एवढेच विचारले, "भावाला सोबत आणलं तर चालेल का?"

चालेल, एक चटई जास्त टाकू, असे मावशींनी सांगून टाकले आहे.