रोझेलचा उन्हाळा

सकाळचे साडेआठ वाजले होते. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि तिसरीची वाट बघत मी ओट्याशी उभी होते. तेवढ्यात फोन वाजला. नातीचा. न्यू यॉर्कला तेव्हा रात्रीचे अकरा.

"आजी, आईला सांगू नकोस हं..."

पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसले.

ही गोष्ट ८ जून २०२३ ची. नात तेव्हा वीस वर्षांची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि न्यू यॉर्कच्या एका विद्यापीठात सहा आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमाला तिची निवड झाली. विषय होता शहरं आणि त्यांच्या नद्या. निम्मा खर्च शिष्यवृत्तीतून, उरलेल्यासाठी माझ्या लेकीने स्वतःची मुदत ठेव मोडली. मोडण्याआधी मला विचारलं नाही, मोडल्यावर नुसतं सांगितलं. का विचारलं नाही, ते ओघाने येईलच.

तर नात रडत होती. हुंदके देऊन नाही, नाक ओढत, मध्येमध्ये थांबत. कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यू यॉर्कवर उतरला होता. ७ जूनला तिथलं आकाश भरदिवसा नारिंगी झालं होतं आणि सगळ्यांना खोलीतच थांबायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "अगं, कुर्ल्याच्या पोरीला धुराचं काय कौतुक?" पण ती हसली नाही. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. खोलीतली दुसरी मुलगी चांगली आहे, पण तिचा स्वतःचा गोतावळा आहे. भोजनगृहात काय खावं ते समजत नाही, चार दिवस पाव, फळं आणि बटाटे चालू आहेत. वर्गात बोलायला तोंड उघडलं की समोरचा "काय म्हणालीस?" असं विचारतो, म्हणून तोंड उघडणंच बंद केलंय. नाव कुणाला उच्चारता येत नाही. आणि शेवटी मुद्द्याचं: "तिकीट बदलून मिळतं का गं आजी? परत यावंसं वाटतंय."

मंडळी, खरं सांगते, ओठावर आलं होतं, "ये बाळा, ये निघून." पण बोलले नाही. म्हटलं, उद्या याच वेळेला फोन कर, तोवर आपण दोघी विचार करू. फोन ठेवला. भात कच्चा राहिला होता तो पुन्हा लावला.

विचार करताना मला आठवल्या आनंदीबाई जोशी. यात नवल नाही. आम्ही शाळेत दरवर्षी त्यांची गोष्ट सांगायचो. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात, वयाने वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून डॉक्टर व्हायची जिद्द. कुर्ल्याहून धीम्या गाडीने कल्याण पंधरावं स्टेशन, म्हणून मी वर्गात म्हणायची, "बघा मुलांनो, आपल्याच लाइनीवरची मुलगी!" मुलं हसायची आणि धडा लक्षात राहायचा.

नात न्यू यॉर्कला उतरली ३ जून २०२३ ला. आनंदीबाई उतरल्या ४ जून १८८३ ला. मधे एकशे चाळीस वर्षं आणि एका दिवसाचा फरक. हे मला नात निघाली तेव्हाच सुचायला हवं होतं, पण तेव्हा डोक्यात लाडू आणि चटण्यांचे डबे होते.

त्या दुपारी मी जुनी पुस्तकं काढून बसले. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र, अंजली कीर्तने यांचं पुस्तक आणि माझ्याच हस्ताक्षरातली पाठाची टिपणं. टिपणं वाचताना माझं मलाच हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. बोटीचं नाव काय? सिटी ऑफ कलकत्ता. एक गुण. कोठून निघाल्या? कलकत्त्याहून, ७ एप्रिलला. एक गुण. कॉलेज कोणतं? फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. एक गुण. पदवी कधी? मार्च १८८६. एक गुण. आणि जूनमध्ये उतरलेली, ऑक्टोबरमध्ये कॉलेजात गेलेली ही अठरा वर्षांची मुलगी मधला उन्हाळाभर काय करत होती? त्यावर माझं एकच वाक्य: "सुरुवातीला त्या कार्पेंटरबाईंकडे राहिल्या." त्याला गुण नव्हते.

कार्पेंटरबाई म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत बाईंनी ते मासिक चाळलं आणि या अनोळखी मुलीला पत्र धाडलं. त्यातून पत्रव्यवहार वाढला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तोंड न बघितलेली मावशी! न्यू यॉर्कच्या धक्क्यावर त्या मावशी घ्यायला आल्या आणि त्यांनी मुलीला घरी नेलं. पुढे उन्हाळाभर आनंदीबाई रोझेलच्या घरात घरच्या माणसासारख्या राहिल्या. कॉलेज सुरू व्हायच्या वेळी मावशीच त्यांना फिलाडेल्फियाला पोचवायला गेल्या.

आता बघा. मी पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले की ही बाई एकटी गेली, एकटी लढली, एकटी जिंकली. गोष्ट रंगते अशाने. पण हाती असलेली पुस्तकं वेगळं सांगतात. थंडी, परकं अन्न, आजारपण हे सगळं फिलाडेल्फियात पुढे यायचं होतं. त्याआधी तिला तीन-चार महिने एक घर मिळालं होतं, चुकायला आणि सवय व्हायला. आम्ही पोरांना धैर्याचा धडा दिला आणि त्यातला मावशीचा भाग गाळला. मग ती पोरं परगावी जाऊन चौथ्या दिवशी रडली की त्यांना वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन आला. मी कुकर आधीच उतरवून ठेवला होता. म्हटलं, "तिकिटाचं आपण आठ दिवसांनी बघू. तोवर एकच काम कर. तिथे एक मावशी शोध."

"म्हणजे कोण?"

"ते मला काय माहीत? वर्गातली नको. वयाने मोठी, रोज एकाच जागी भेटणारी बाई बघ आणि तिला तुझं नाव नीट म्हणायला शिकव."

नातीला हे खुळचट वाटलं असणार. पण पाचव्या-सहाव्या दिवशी फोन आला तो वेगळ्याच आवाजात. भोजनगृहात वाढणारी एक बाई होती, साठीची, गयानाची. हिच्या ताटातला बटाटा बघून तीच म्हणाली, "मुली, तू डाळ खात नाहीस?" डाळ! नात म्हणते, "आजी, तिने तो शब्द उच्चारला आणि मी तिथेच रडले." त्या बाईचं घर क्वीन्समध्ये, रिचमंड हिलला. तिथे गयानाच्या भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. तिचे पूर्वज मळ्यांवर राबायला गिरमिटिये म्हणून गेले, कलकत्त्याच्या बंदरातून. १८३८ पासून १९१७ पर्यंत अशी माणसं बोटी भरभरून तिकडे नेली. हिंदी भाषा तिच्या घरातून कधीच गेली, पण डाळ, रोटी आणि नानी राहिली. एका रविवारी तिने नातीला घरी नेऊन डाळपुरी खाऊ घातली.

बंदर एकच बघा. एक मुलगी तिथून डॉक्टर व्हायला निघाली, आणि त्याच काळात हजारो बायका तिथूनच ऊस तोडायला निघाल्या. आम्ही शाळेत पहिलीचं नाव पाठ करून घेतलं. दुसऱ्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

त्या वर्षी आपल्याकडे पाऊस लांबला होता. मुंबईत आला तो २५ जूनला, दिल्लीत आणि मुंबईत एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नातीच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या शहरातल्या नदीबद्दल बोलायचं होतं. तीन आठवडे गप्प बसलेली ही पोर मिठी नदीबद्दल बोलली. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघणारी, जेमतेम अठरा किलोमीटरची, कुर्ल्यातून माहीमच्या खाडीला जाणारी. लोकांना ती नाला वाटते, पण नदी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपण नदी आहोत हे तिने सगळ्यांना दाखवून दिलं. नात तेव्हा दोन वर्षांची होती, माझ्या लेकीच्या खांद्यावर. छातीभर पाण्यातून लेक तिला घेऊन घरी आली होती. नातीला ते आठवत नाही, पण ऐकून ऐकून पाठ आहे. ते तिने सांगितलं. म्हणाली, "आजी, कुणीही 'काय म्हणालीस' असं विचारलं नाही."

तिकिटाचा विषय नंतर कधी निघाला नाही.

मी तिला आणखी एक काम सांगितलं होतं, जमलं तर कर म्हणून. पदवी घेऊन आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये परत आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झालेली होती, पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. गोपाळरावांनी अस्थी रोझेलच्या मावशीकडे पाठवल्या आणि मावशीने त्या न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. १ जुलैच्या शनिवारी नात हडसन नदीच्या काठाने जाणाऱ्या गाडीने तिथे गेली. दोन तास लागले. तिथून फोटो धाडला. दगडावर आनंदीबाईंचं नाव, १८६५ आणि १८८७ ही दोन सालं.

फोटो आला तेव्हा लेक माझ्याकडेच होती. तिने तो मोठा करून बराच वेळ बघितला. मग फोन खाली ठेवून म्हणाली, "आई, एक्क्याण्णव साली पैसे होते ना?"

आता ते सांगते. १९९१ साली लेक एकोणीस वर्षांची होती. एका संस्थेतर्फे जर्मनीतल्या उन्हाळी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. राहणं-जेवण तिथल्या कुटुंबात, विमानभाडं आपलं. मी तिला सांगितलं, पैसे नाहीत. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उठून नेहमीसारखा सगळ्यांचा चहा केला. पैसे पोस्टात होते, तिच्या लग्नासाठी ठेवलेले. तरणी मुलगी एकटी परदेशी पाठवली तर लोक काय म्हणतील, उद्या स्थळं येताना काय विचारतील, हे माझ्या मनात होतं. त्याच वर्षी सातवीच्या वर्गात मी आनंदीबाईंवर निबंध लिहून घेतला होता. उत्तम निबंधाला वही बक्षीस दिली होती.

मी म्हटलं, "होते."

"बाबांनी सांगितलं होतं मला. माझ्या लग्नानंतर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील, अशी वाट बघत होते."

बत्तीस वर्षं! मला काही सुचेना. मी "चहा टाकते" म्हणून उठले. चहा झाला, प्यायलो, ती आपल्या घरी गेली. माफी मागायला हवी होती, शब्द सापडले नाहीत. जन्मभर पोरांना शब्दार्थ विचारत आले आणि ऐन वेळी माझ्याच घशात अडकलं.

नात आता शिकून नोकरीला लागली. गयानाच्या मावशीशी तिचं अजून बोलणं होतं, दिवाळीला दोघी एकमेकींना फराळाचे फोटो पाठवतात. लेक आणि मी त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. पण मी लिहिलेलं सगळं ती वाचते, शुद्धलेखनाच्या चुका काढते, म्हणून इथे लिहून ठेवते. बाळा, पैसे होते. धीर मला झाला नाही, आणि त्याची किंमत तू दिलीस. चुकलं माझं.

उद्या दुपारी ये. डाळपुरी करून बघायचं ठरवलंय. कृती नातीने पाठवली आहे.