लळिंगाहून निघालेल्या डोल्या



इतिहासाचा तास सुरू झाला की वर्गातून एक मागणी ठरलेली येते, "सर, आज लढाई सांगा." सारापद्धती, नाणी, कालवे यांचे नाव काढताच निम्मे डोळे खिडकीबाहेर जातात, परंतु एखादा दरिद्री शिपाई स्वतःच्या मनगटाच्या बळावर राजा कसा झाला, ही हकीकत सुरू झाली की मागच्या बाकावरील खोडकर मुलेही पुढे सरकतात. या आवडीत आम्हांस काही वावगे दिसत नाही. लहानाचा मोठा कसा होतो, हे जाणण्याची इच्छा लहानांस असणारच. तथापि मोठा झालेला मनुष्य कोणत्या वाटेने वर चढला, हे विचारण्याची सवयही त्याच वयात लागली पाहिजे. त्यासाठी दूरच्या देशांतील राजे धुंडाळण्याची गरज नाही. धुळ्याच्या शाळेच्या गच्चीवर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले तर अवघ्या तीन कोसांवर लळिंगाचा डोंगर दिसतो. तेथील बुरुजांस ही सारी कथा ठाऊक आहे.

तापीच्या काठी दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदलेल्या फारुकी घराण्यास क्रमिक पुस्तकांत एखाद्या ओळीपलीकडे सहसा जागा मिळत नाही. या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा. खलीफा उमर फारुक यांच्या वंशातले आपण, असे हे लोक म्हणवीत. म्हणून ते फारुकी. पूर्वज दिल्लीच्या दरबारचे मानकरी होते. परंतु मलिक राजाच्या वाट्यास दारिद्र्यच आले होते. महंमद कासिम फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, सुलतान फिरोजशहा तुघलक गुजरातेत शिकारीस गेला असता आपल्या लोकांपासून चुकला आणि भुकेने व्याकूळ होऊन एका झाडाखाली बसला. तेवढ्यात थोडीशी कुत्री बरोबर घेतलेला एक एकटा स्वार तिकडून आला. सुलतानाने खावयास मागितले. स्वाराने आपल्याजवळ होते ते त्याच्यापुढे ठेवले. तो स्वार म्हणजे मलिक राजा. इ. स. १३७० मध्ये त्यास थाळनेर व करवंद या परगण्यांची जहागीर मिळाली. ही दोन्ही गावे आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहेत.

फिरिश्त्याने हे लिहिले ते सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेस दोनशे वर्षे उलटून गेल्यावर. तेव्हा झाडाखालच्या त्या भेटीस आख्यायिका समजूनच वाचावे. परंतु आख्यायिकाही निरर्थक नसते. आपल्या राज्याचा उगम कोणत्या गोष्टीत आहे असे लोकांस सांगावेसे वाटले, ते तिच्यावरून कळते. आणि येथे तो उगम तलवारीत नसून एका शिदोरीत आहे.

तलवारीचे काम त्यानंतर लवकरच सुरू झाले. मलिक राजाची पहिली मोठी मोहीम बागलाणच्या राजावर झाली. बागलाण म्हणजे आजच्या सटाण्याकडील डोंगराळ मुलूख. गुजरात व दख्खन यांमधील घाटवाटा त्याच्या हाती. त्या राजास नमवून मलिक राजाने खंडणी घेतली आणि तीतून हत्ती व मौल्यवान वस्तू दिल्लीस पाठविल्या. सुलतान प्रसन्न झाला व त्याने त्यास सिपहसालार हा किताब दिला. थोड्याच वर्षांत मलिक राजाच्या पदरी १२,००० स्वार जमले, असे फिरिश्ता म्हणतो. एवढ्या घोड्यांस दाणावैरण कोठून मिळाली, हा प्रश्न आम्ही वर्गात मुद्दाम विचारतो. उत्तर दोन प्रकारचे आहे. काही भाग पूर्वेकडील गोंडवनापर्यंतच्या स्वाऱ्यांतून आला. परंतु ओसाड पडलेल्या मुलखात शेती वाढविण्याकडेही त्याने लक्ष पुरविले होते. तापीकाठची काळी जमीन ज्याच्या ताब्यात, त्यास घोड्यांची वाण पडत नाही.

पुढे १३८८ मध्ये फिरोजशहा वारला आणि दिल्लीची पकड सुटली. माळव्यात दिलावरखान व गुजरातेत मुजफ्फरशहा हे सुभेदार आपापल्या परी स्वतंत्र होऊ लागले. मलिक राजाने माळव्याशी सोयरीक जोडली आणि त्या बळावर गुजरातच्या ताब्यातील सुलतानपूर व नंदुरबार यांवर हल्ला केला. येथे मात्र अंदाज चुकला. मुजफ्फरशहा वेगाने चालून आला. मलिक राजास माघार घेऊन थाळनेरच्या कोटात शिरावे लागले, आणि वेढा पडल्यावर तह करून मोकळे व्हावे लागले. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये लहान राज्याने किती उडी घ्यावी, हे त्यास थाळनेरच्या तटावरून दिसले असावे. त्यानंतर १३९९ मध्ये मरेपर्यंत त्याने राज्य राखण्याचेच काम केले. थाळनेरास तापीकाठी त्याच्या घराण्याच्या कबरी आहेत. त्यांतील एक अष्टकोनी कबर कोरीव कामासाठी पाहण्यासारखी आहे.

आता कथेचा कठीण भाग येतो. मलिक राजाच्या धाकट्या मुलाकडे, इफ्तिखाराकडे, थाळनेर गेले आणि थोरला नासिर लळिंगास राहिला. त्याचा डोळा सातपुड्यातील आसीरगडावर होता. रावेर ओलांडून बऱ्हाणपुरापुढे गेले की हा प्रचंड गड लागतो. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. तेथे आसा अहीर नावाचा गवळ्यांचा नाईक राहत असे. हजारो गाईम्हशी व मेंढ्या त्याच्या मालकीच्या होत्या. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याच्या कोठारांत धान्य भरलेले होते. त्याची पत्नी दयाळू होती. तिच्या आग्रहावरून त्याने ते उपाशी लोकांस वाटले, आणि गरिबांस काम मिळावे म्हणून गडाचा तट बांधावयास घेतला, असे फिरिश्ता लिहितो. ज्या भिंतींनी त्याचे रक्षण करावयाचे, त्या दुष्काळपीडितांच्या मजुरीने उभ्या राहिल्या होत्या.

हा आसा फारुकींचा मित्र होता. नासिराने त्यास निरोप धाडला, "शत्रू माझ्यावर उठले आहेत, थाळनेर भावाकडे आहे, लळिंग सुरक्षित नाही. माझ्या घरच्या बायकामुलांस तुमच्या गडावर आसरा द्या." आसाने तत्काळ होकार दिला. पहिल्या दिवशी काही डोल्या गडावर आल्या. त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या, आणि आसाच्या घरच्या स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या आल्या. दरवाजे उघडले गेले. आसा आपल्या मुलांसह पाहुण्यांस सामोरा गेला. आणि पडदे बाजूस सारून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसाच्या घरचा एकही पुरुष जिवंत राहिला नाही. वार्ता पोहोचताच नासिर लळिंगाहून दौडत निघाला व गडाचा धनी झाला.

ही हकीकत आम्ही एका वर्षी नववीच्या वर्गात सांगितली. सांगून संपली तेव्हा वर्ग अगदी स्तब्ध होता. मग ज्याच्या घरी अहिराणी बोलतात असा एक हुशार मुलगा उठून म्हणाला, "सर, आसा अहीर आमचा. आणि नासिरखान..." त्याने वाक्य पुरे केले नाही, परंतु त्याची नजर शेवटून दुसऱ्या बाकाकडे गेली, आणि तिच्यामागून वर्गातील पुष्कळशा नजरा गेल्या. त्या बाकावरील मुसलमान विद्यार्थ्याने मान खाली घातली व तो वहीची पाने सारखी करू लागला. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचे देणे चौदा वर्षांच्या एका मुलाच्या खात्यावर आमच्या डोळ्यांदेखत मांडले जात होते.

आम्ही त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही. नकाशावर पुन्हा थाळनेर दाखविले आणि १८१८ सालची गोष्ट सांगितली. होळकरांनी तह करून हे ठाणे इंग्रजांस दिले होते. सर टॉमस हिस्लॉप हा इंग्रज सेनापती २७ फेब्रुवारीस थाळनेरपुढे आला. दाराशी झालेल्या गोंधळात त्याचे काही अधिकारी मारले गेले. तेव्हा आतील सुमारे ३०० शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम यास फाशी देण्यात आले. या कृत्याबद्दल खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटातही प्रश्न उठला. एवढे सांगून आम्ही म्हणालो, "तो सेनापती ख्रिस्ती होता. आम्हीही ख्रिस्ती आहो. तेव्हा आता सर्वांनी आमच्याकडे पाहावे."

कोणी पाहिले नाही. पहिलाच मुलगा हळू आवाजात म्हणाला, "पण सर, तुम्ही तेथे नव्हता."

"नव्हतो. आणि आसीरच्या दारात तोही नव्हता."

यावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याने जो प्रश्न केला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. तो म्हणाला, "मग सर, आसा अहिराने धान्य वाटले तेव्हा आम्ही तरी कोठे होतो?" तर्क बिनतोड होता. पूर्वजांचा दोष जर वारशाने येत नसेल, तर त्यांचा मोठेपणाही आपोआप पदरात पडत नाही. तो ज्याचा त्याने कृतीने मिळवावयाचा असतो, आणि ती वाट कोणत्याही घरच्या मुलास मोकळी आहे.

आठ दिवसांनी आम्ही याच विषयावर निबंध लिहावयास दिला. मान खाली घालणाऱ्या त्या विद्यार्थ्याने लिहिले होते की, या कथेत दोन माणसांनी भुकेल्यास अन्न दिले, मलिक राजाने व आसा अहिराने; त्यामुळे आपण त्या दोघांस एका बाजूस आणि नासिरखानास दुसऱ्या बाजूस ठेवतो. आम्ही इतकी वर्षे ही कथा सांगत आलो; परंतु तिची अशी सरळ फाळणी आम्हांस कोणी दाखविली नव्हती. त्या दिवशी तो निबंध आम्ही वर्गात वाचून दाखविला. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने नंतर ती वही मागून घेतली व मधल्या सुटीत स्वतः पुन्हा वाचली.

नासिरखानाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने त्याने सख्ख्या भावाकडून थाळनेर हिसकावले. तापीकाठी त्याने बऱ्हाणपूर वसविले व खुलताबादचे साधुपुरुष बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्यास दिले. ते शहर पुढे भरभराटले, हे त्याच्या बाजूने मांडलेच पाहिजे. अखेरीस जावई असलेल्या बहामनी सुलतानाशी त्याने युद्ध काढले. रोहिणखेडास त्याचा पराभव झाला, बऱ्हाणपूर लुटले गेले, आणि तो पळत लळिंगास आला. तेथेच १४३७ मध्ये त्याचा अंत झाला. जेथून डोल्या निघाल्या होत्या, तेथेच धनी परत आला. आसीरगड मात्र घराण्याकडे राहिला तो जानेवारी १६०१ पर्यंत. अकबराने वेढा घातला असता शेवटचा फारुकी राजा बोलणी करण्यास बाहेर आला आणि त्यास परत जाऊ दिले नाही. त्या वेळी छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांनी याला वचनभंग म्हटले. अकबराच्या दरबारी इतिहासकाराने निराळे कारण दिले. यावरून नियतीने सूड घेतला असे मुलांस सांगण्याचा मोह होतो. आम्ही तसे सांगत नाही. पुष्कळ कपटी राजे अंथरुणात सुखाने मेले आहेत. कपट वाईट ते शेवटी शिक्षा होते म्हणून नव्हे. आसाने दार विश्वासाने उघडले होते म्हणून.

पालकांस एक विनंती. सुटीत मुलांस लळिंगास न्यावे. जळगावकडील मंडळींस बऱ्हाणपूर व आसीर रेल्वेने जवळ आहेत. तटावर उभे राहून ही कथा मुलांच्याच तोंडून ऐकावी. "हा राजा आपला की परका?" असे मुलाने विचारले, तर उत्तर देण्याची घाई करू नये. त्या राजाच्या दाराशी भुकेला आला तेव्हा काय झाले, आणि त्याच्यासाठी दुसऱ्याने दार उघडले तेव्हा काय झाले, हे दोन प्रश्न त्यास उलट विचारावेत. पुढचे उत्तर मूल स्वतः शोधून काढील, असा आमचा वर्गातील अनुभव आहे.